गाबाच्या गोळ्या

बारावीला मज्जासंस्थेचा धडा आला की मी खडू खाली ठेवायचो, खुर्ची पुढे ओढायचो आणि वर्गाला गाडी चालवून दाखवायचो. उजवा पाय दाबला की ग्लुटामेट, तो अ‍ॅक्सिलरेटर. डावा पाय दाबला की गाबा, तो ब्रेक. मेंदूच्या पेशी एकमेकींना ज्या रसायनांतून निरोप धाडतात त्यांतलं गाबा हे गप्प करणारं. ते नसतं तर तुमचं डोकं चोवीस तास या वर्गासारखं चाललं असतं, असं म्हटलं की मुलं हसायची. एका वर्षी एका ट्रकड्रायव्हरच्या मुलीने उभं राहून सांगितलं, "सर, दोन्हीला उजवाच पाय असतो." सगळा वर्ग खिदळला. मीही हसलो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा डाव्याच पायाने ब्रेक दाबला. माझं असंच आहे. एकदा एखादं उदाहरण हातात बसलं की ते चुकलंय असं कुणी सांगितलं तरी मी सोडत नाही.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता घरी दोघंच, निवांत. मुलगा बंगळूरला. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं दोन खोल्यांचं घर आहे, मागच्या गल्लीत टॉवेलचे यंत्रमाग. बायको विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी. मी त्यांच्या चाळीत भाड्याने राहायला आलो आणि लग्न करून बसलो. तिच्या घरच्यांनी वर्षभर तोंड फिरवलं होतं. फक्त तिची थोरली बहीण, अक्का, आमच्या बाजूने उभी राहिली. आई लवकर गेल्यामुळे या अक्कानेच तिला वाढवलेलं. पुढे अक्काचं बिऱ्हाड हैदराबादच्या पलीकडे, विणकरांच्याच एका गावात गेलं. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि माझी बायको तासभर तेलुगूत हसायची. चाळीस वर्षांच्या संसारात मी ती भाषा शिकलो नाही. दुसऱ्यांना शिकवण्यातच माझा सगळा उत्साह संपत होता, असं ती म्हणायची.

ती घरी बसून शाळेचे युनिफॉर्म शिवायची. बहुतेक कॉलर. मला "मास्तर" म्हणायची, आणि तेही अशा सुरात की त्यात मान किती आणि चेष्टा किती ते कळू नये.

आषाढात तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून काढलं, मग सोनोग्राफी, मग मोठं स्कॅन. डॉक्टर रिपोर्ट वाचता वाचता म्हणाले, "बाईंना जरा बाहेर बसवता का?" ती उठली, पदर सावरला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. डॉक्टरांनी मग मला सांगितलं. यकृताचा कॅन्सर, दोन्ही बाजूंना पसरलेला, ऑपरेशन होण्यासारखा नाही. लहानपणी कधीतरी झालेली कावीळ आत दबा धरून बसली असावी. गोळ्या देता येतील, त्यांनी वेग कमी होईल. किती दिवस, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बाहेर आलो तर ती म्हणाली, "काय म्हनले?"

"सूज आहे लिव्हरला," मी म्हणालो. "गोळ्यांनी उतरेल."

हे मी ठरवून बोललो नव्हतो. आमच्याकडे असंच बोलतात. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही त्यांना "अल्सर" सांगितलं होतं, काकूंच्या वेळी "गाठ आहे, साधी". पेशंटला नाव सांगायचं नाही, नाव कळलं की माणूस खचतो, हे आम्हा सगळ्यांना कुणीही न शिकवता येतं. मुलाला फोन केला तर तोही पहिल्यांदा हेच म्हणाला, "आईला काही सांगू नका." तिची शाळा तेलुगू माध्यमातली, सातवीपर्यंतची. इंग्रजी रिपोर्ट तिला वाचता येणार नव्हते. तरीही मी फाइलीला वह्यांना घालतात तसं खाकी कव्हर घातलं आणि वर मोठ्या अक्षरात "लिव्हर - सूज" असं लिहिलं.

आजूबाजूला तर सांगायची सोयच नव्हती. लिव्हरचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांत आधी दारू येते. बाईमाणसाच्या बाबतीतसुद्धा येते, मग नवऱ्याकडे बघतात. युनिफॉर्मच्या कामातल्या तिच्या मैत्रिणी चौकशीला यायच्या, त्यांना मी दारातूनच परत पाठवायचो. "विश्रांती सांगितलीय, नंतर या." आत येऊन बसल्या असत्या तर कुणीतरी काहीतरी बोलून गेलं असतं. महिन्याभरात येणं थांबलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या गोळ्यांनी तिच्या तळव्यांची साल निघायला लागली. शिलाई मशीनच्या पायट्यावर पाय टेकवेना. आणि झोप उडाली. बाकी सगळं ती मुकाट्याने सोसायची, पण झोपेपुढे हरली. सकाळी भाकरी थापायला बसली की डोळे लालभडक.

"डोळा लागंना की मास्तर. तुमच्या त्या शास्त्रात काय हाय का न्हाय झोपंवर?"

होतं की. माझ्या शास्त्रात झोपेवर गाबा होतं. इतकी वर्षं जे पाय आपटून शिकवलं ते आता गोळीच्या रूपात मोबाइलवर मिळतं, हे बघून मला कोण आनंद झाला. चिठ्ठी लागत नाही, "नैसर्गिक" असं लिहिलेलं, "मन शांत करते" असंही लिहिलेलं. मी मागवून टाकली. डॉक्टरांना विचारलं नाही. तीस वर्षं जो विषय शिकवला त्यात कुणाला काय विचारायचं? रोज संध्याकाळच्या जेवणानंतर एक गोळी मी स्वतः तिच्या हातावर ठेवायचो आणि पाण्याचा तांब्या धरून उभा राहायचो. आठवड्याभरात ती म्हणाली की जरा बरं वाटतंय. मी तिला तो ब्रेकचा धडा पूर्ण ऐकवला. तिने ऐकून घेतला आणि विचारलं, "आन् मशीनला दोन्ही पाय लागतात, त्याचं काय?"

आश्विनात अक्काचा फोन आला. बतुकम्मा जवळ आली होती. तेलुगू बायकांचा तो फुलांचा सण. तरवडाची पिवळी फुलं आणि कोंबड्याची तुरेदार फुलं यांचा ताटात थरावर थर रचायचा, त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरायचा, आणि त्यासाठी माहेरी जायचं. सोलापुरातही होतो. पण अक्का म्हणत होती, यंदा इकडे ये, माझे गुडघे गेले, पुढचं कुणी बघितलंय. फोन ठेवून बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला जायचं होतं. अगदी लहान मुलीसारखं जायचं होतं.

"पुढच्या वर्षी जा," मी म्हणालो. "सूज उतरू दे. बरी झालीस की महिनाभर राहा."

डॉक्टरांची तारीख जवळ होती, प्रवास झेपला नसता, शिवाय अक्काला बघून काहीतरी बाहेर आलं असतं. अशी तीन कारणं माझ्याकडे होती आणि तिन्ही मला तेव्हा अगदी बरोबर वाटली. ती "बरं" म्हणाली. सणाच्या दिवशी पुढच्या चौकात बायका फेर धरत होत्या. ती खिडकीत उभी राहून बघत होती, आणि मी खुर्ची नेऊन दिली.

दिवाळीनंतरची गोष्ट. झोप पुन्हा बिघडली होती, म्हणून गोळी दीडपट करावी का ते बघायला एका दुपारी मी मोबाइल घेऊन बसलो. ती आत पडली होती, मागच्या गल्लीत माग खडखडत होते. गाबा लिहिलं. मग सहज, खरोखर सहज, पुढे यकृत लिहिलं.

जे दिसलं ते मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. गाबा ही फक्त मेंदूची मिरास नाही. यकृताच्या पेशींवरही त्याला ओळखणारी कुलपं असतात, आणि कॅन्सरच्या काही पेशींवर ती जास्त असतात. प्रौढ मेंदूच्या पेशीत क्लोराइड कमी असतं, म्हणून गाबाने कुलूप उघडलं की ते आत शिरतं आणि पेशी गप्प होते. जिथे आतच ते जास्त असतं तिथे तेच कुलूप उघडल्यावर उलटं घडू शकतं. पेशी चेतते. वाढते. काही गाठी तर गाबा स्वतःच तयार करतात. काहींनी असंही लिहिलं होतं की काही ठिकाणी ते वाढ रोखतं. म्हणजे एकवाक्यता नव्हती. पण ते रोखण्याचं मी घाईघाईने वाचलं आणि वाढण्याचं पाठ झालं.

त्याहून वाईट गोष्ट मला कुणी सांगायची गरजच नव्हती. तोंडाने घेतलेलं गाबा रक्तातून मेंदूत फारसं पोचत नाही. मग जातं कुठे? पोटातून आणि आतड्यांतून निघालेली शीर आधी यकृतात जाते, मग बाकी शरीरात. ही आकृती मी दर वर्षी निळ्या खडूने फळ्यावर काढत होतो. परीक्षेला चार मार्कांना यायची. आणि रोज जेवणानंतर मी ती गोळी तांब्याभर पाण्यासकट नेमकी तिथे पाठवत होतो.

त्या दुपारी मला ज्याची भीती वाटली ती भीती कुणाला सांगावी तर माणूस नव्हता. डॉक्टरांना सांगायचं तर न विचारता गोळी दिल्याचं कबूल करावं लागणार. मुलाला सांगायचं तर तो तिथे एकटा काय करणार? आयुष्यातली प्रत्येक भानगड मी जिला सांगत आलो ती आतल्या खोलीत होती, आणि तिला हे सांगायचं तर आधी आजाराचं नाव सांगावं लागणार होतं. इतका एकटा मी आईबाप गेल्यावरसुद्धा पडलो नव्हतो.

गोळ्या बंद केल्या. पण बंद का केल्या ते काय सांगणार? तेव्हा त्या बाटलीत मी तिच्याच कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या भरल्या आणि रोजच्यासारखा तांब्या धरून उभा राहिलो. दोन दिवसांनी ती म्हणाली, "आता लई छान लागती झोप." पुढे महिनाभर ती झोपत राहिली आणि मी जागा. घराच्या बाबतीत मी तीच चूक केली होती जी गोळीच्या बाबतीत. गप्प केलं की सगळं शांत होतं, असं धरून चाललो होतो.

मार्गशीर्षात पुन्हा स्कॅन झालं. गाठ वाढली होती. डॉक्टर म्हणाले, हे अपेक्षितच होतं. मला मात्र त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर माझीच बोटं दिसली. घरी आल्यावर दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उन्हात बसून जुन्या कॉलरचे दोरे उसवत होती. शिवणं बंद झालं तरी हातांना काहीतरी लागायचं. मी समोर पाट घेऊन बसलो आणि सांगायला सुरुवात केली.

मास्तर तो मास्तरच. मी मेंदूपासून सुरुवात केली. ब्रेक, मग कुलूप, मग क्लोराइड, मग आतड्यातून निघणारी शीर. बोटाने फरशीवर यकृत काढलं. गोळी कुठून कुठे गेली, मी डॉक्टरांना कसं विचारलं नाही, नंतर बाटलीत काय भरलं, सगळं. शेवटी म्हणालो, "माझ्या हाताने वाढवलं असेल मी. मला माफ कर."

तिने दोरा तोडला.

"काय वाढवलं?"

मी फरशीवरचं बोट मागे घेतलं.

"कॅन्सर हाय व्हय मला?"

मी मान हलवली.

"डाक्टर कवा बोलले?"

"आषाढात."

तिने बोटं मोजायला घेतली. श्रावण, भाद्रपद, आश्विन. तिसऱ्या बोटावर थांबली. "अक्काचा फोन आला तवा तुमाला म्हाईत होतं."

"हो."

"पुढच्या वर्षी जा म्हनला तुमी मला."

मी पुन्हा गोळ्यांचं बोलू लागलो. माझी सगळी शरम त्या बाटलीत होती, महिनाभर मी तिथेच उभा होतो. तिने हात वर करून मला थांबवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला मी ऐकला. "गोळ्यांचं काय घेऊन बसलाय? ते दिस माझे होते की! तुमी कुनाला इचारून ठेवून घेतले?" मग खाली बघत, "तुमी अन् पोरगा फोनवर हळू बोलायचा. बायका यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, माझा कंटाळा आलाय समद्यांना. तुमाला बी."

 

तिने फोन उचलला आणि माझ्यासमोरच अक्काला लावला. तेलुगूत सांगत होती. त्यातला एकच शब्द मला कळला, कॅन्सर, आणि तो तिने इतक्या सरळ उच्चारला की जसं एखाद्या गावाचं नाव. पलीकडून रडणं ऐकू आलं. ही रडली नाही. फोन ठेवून म्हणाली, "पोराला बोलवा. मला अक्काकडं सोडायला सांगा. तुमी नका येऊ."

पौषात मुलाने तिला गाडीने नेलं. मी पिशवीत गोळ्या वेळेप्रमाणे लावून दिल्या, कागदावर मराठीत लिहून दिलं. गाडीत बसताना तिने माझ्या शर्टाची वळलेली कॉलर नीट केली.

ती गेल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावले, रागवायला हवंच होतं. मग शांतपणे म्हणाले, "बशीतल्या पेशींवर, उंदरांवर जे दिसतं ते माणसाला तसंच लागू होतं असं नाही. काही ठिकाणी वाढ दिसते, काही ठिकाणी उलट. तुमच्या त्या गोळीने काही फरक पडला असेल असं मला वाटत नाही. हा आजार असाच जाणार होता. पण खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, मीही नाही." मी रिक्षाने घरी आलो. ज्या सुटकेसाठी मी दिवाळीपासून तडफडत होतो ती मिळाली होती, निदान बरीचशी मिळाली होती. घरात आल्यावर ती ठेवायला जागा सापडेना.

तिला फोन करून सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, गोळ्यांचा दोष नसावा."

"हं," ती म्हणाली. "जेवला का?"

त्यानंतर रोज फोन करायचो. रोज मागून आवाज यायचे, बायकांचे, पोरांचे, कुणीतरी मोठ्याने हसलेलं. टीव्ही चालू असेल असं मला वाटायचं. दोन मिनिटं बोलायची आणि म्हणायची, ठेवते, माणसं आली. मी इकडे एका ताटात जेवून ते धुवून पालथं घालायचो. मागच्या गल्लीतले माग सुट्टीला बंद राहिले की दिवस सरता सरत नसे. "येऊ का?" असं मी दोनदा विचारलं. दोन्हीदा म्हणाली, "सांगते."

माघात एका पहाटे मुलाचा फोन आला. सिकंदराबादपर्यंत रेल्वे, पुढे बस. मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि सगळं माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. तिचा चेहरा बारीक झाला होता, पण कुणीतरी तेल लावून केस नीट विंचरले होते. ते काम मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्याजवळ येऊन बसली. गुडघे धरून, हळूहळू. तिचं मराठी अजून सोलापूरचंच होतं. म्हणाली, "आल्या दिवशी गल्लीत समद्यांला तिनंच सांगितलं. मला लिव्हरचा कॅन्सर हाय, लई दिस न्हाईत, येत जावा. मग काय, बायका विड्यांची सुपं घेऊन हितंच यायच्या. विड्या वळत बसायच्या हिच्या खाटंपाशी. गानी म्हनायच्या. बतुकम्माची बी म्हनली, सण नसताना. एक घटका एकटी न्हवती बघा ती."

 अक्काने पदराने डोळे पुसले आणि काही मनात न ठेवता, पाहुण्याला विचारतात तसं मला विचारलं, "सोलापुरात कोन कोन येऊन बसायचं तिच्यापाशी?"

"कोणी नाही," मी म्हणालो.